वैलाची जागा

माइनक्राफ्ट या संगणकावरच्या ठोकळ्यांच्या खेळातल्या माझ्या पहिल्या घराला स्वयंपाकघर नव्हते. डोंगराच्या पोटात खणलेली चार बाय पाच ठोकळ्यांची एक खोली, तिच्यात पलंग, दोन पेट्या, वस्तू घडवायचे एक क्राफ्टिंग टेबल आणि आठ दगडांची एक फर्नेस, म्हणजे भट्टी, एवढाच संसार होता. ज्या फर्नेसमध्ये मी लोखंडाचे खनिज वितळवीत असे तिच्यातच मांस आणि बटाटे भाजून निघत, आणि ते अन्न त्या खोलीत बसून कधीच खाल्ले जात नसे. कुठल्यातरी रानात, सांगाड्यांचे बाण चुकवताना, तलवार क्षणभर बाजूला करून ते तोंडात कोंबायचे आणि पुढे पळायचे, अशी रीत होती. माझी भाची, जिच्यामुळे मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी या खेळात आले, त्या खोलीला ‘बेस’ म्हणे. घर म्हणत नसे, आणि ते बरोबरच होते.

या खेळात भूक पहिल्यापासून नव्हती. खेळाची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबरमधल्या बीटा १.८ या आवृत्तीत, पडद्याच्या तळाशी भूक दाखवणारी दहा तंगड्यांची ओळ पहिल्यांदा दिसू लागली. तोवर काही खाल्ले की थेट जखमा भरत. आता अन्नाने पोट भरू लागले आणि भरलेले पोट जखमा भरून काढू लागले. एक तंगडी म्हणजे दोन गुण, असे एकूण २०. गुण १८ किंवा अधिक असतील तर प्रकृती आपोआप सुधारते, ६ वर आले की धावता येत नाही, आणि सर्वांत कठीण पातळीवर शून्यावर पोहोचलेला माणूस उपाशी मरतो. हिशेब चोख आहे, परंतु त्या हिशेबात पावाला ५ गुण आणि भाजलेल्या बटाट्यालाही ५ गुण असल्यामुळे आज काय करावे, हा घराघरांत रोज सकाळी पडणारा प्रश्न तिथे पडतच नाही. जे हाताशी आहे ते खावे आणि निघावे.

फर्नेसला एक बटाटा भाजायला १० सेकंद लागतात. पेटीच्या एका कप्प्यात ६४ बटाटे मावतात, म्हणजे तो गठ्ठा भाजून व्हायला १० मिनिटे ४० सेकंद हवीत, आणि खेळातला सबंध दिवस व रात्र मिळून २० मिनिटांची असते. एप्रिल २०१९ मधल्या १.१४ या आवृत्तीत स्मोकर आला. तो फक्त अन्न भाजतो आणि निम्म्या वेळात भाजतो. ही सोय मोठी होती, पण तिनेही मला त्या खोलीत थांबवले नाही. बटाटे आत टाकायचे, बाहेर पडायचे, परत येऊन उचलायचे. शिजणाऱ्या अन्नाजवळ उभे राहण्याचे काही कारणच नव्हते.

मग मी, या खेळातली असंख्य माणसे करतात तसे, दिसणारे स्वयंपाकघर बांधले. पायऱ्यांचा ठोकळा ठेवला की खुर्ची होते, कुंपणाच्या खांबावर दाबपट्टी ठेवली की टेबल होते. लोखंडाच्या ठोकळ्यांपुढे लोखंडी दार लावून फ्रीज करतात, आणि कढईसारखा कॉल्ड्रन ठेवून त्याच्यावरच्या भिंतीत एक आकडा ठोकला की नळाखालचे सिंक दिसू लागते. पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा केला, खिडकीत कुंड्या ठेवल्या. हे जग नाशिकला, माझ्या बहिणीच्या घरातल्या एका जुन्या संगणकावर चालते. तिथून भाची आत आली, मी पुण्याहून आत होते. तिने सगळीकडे फिरून पाहिले, ओट्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “मावशी, छान दिसतंय. पण यात ठेवायचं काय?”

मला त्या प्रश्नासरशी भातुकली आठवली. आमच्या लहानपणीच्या भातुकलीतले पितळेचे पातेले बोटाच्या दोन पेरांएवढे होते, पण ते आतून पोकळ होते. त्यात चुरमुरे मावत, गुळाचा खडा मावे, चमचाभर पाणी घालून खरोखर ढवळता येई. भातुकलीची भांडी नुसती भांड्यांसारखी दिसत असती, आतून भरीव असती, तर आम्ही ती एका दुपारनंतर हातात घेतली नसती. मी बांधलेले स्वयंपाकघर भरीव होते. त्यातल्या कुठल्याच वस्तूला पोट नव्हते.

पुढच्या रविवारी भाचीने मॉड बसवली. मॉड म्हणजे खेळाच्या मूळ रचनेत दुसऱ्या कुणीतरी आवडीने लिहून जोडलेली भर. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ती फोर्ज, फॅब्रिक यांसारख्या लोडरच्या, म्हणजे मॉड जोडून देणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने बसते. स्वयंपाकघरासाठी तिने दोन निवडली. पहिले ‘कुकिंग फॉर ब्लॉकहेड्स’. ते ब्लेदनाइन्थ या नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने केलेले आहे. दुसरे ‘फार्मर्स डिलाइट’, व्हेक्टरविंग या नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीचे. भिंतीवरची कपाटे, टेबल आणि खुर्च्या यांसाठी फर्निचरचे आणखी एक मॉड घेतले. पहिली दोन मॉड लिहिणाऱ्या या दोघांचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्यांनी वस्तू देखण्या केल्या तशा कामाच्याही केल्या, आणि स्वयंपाकघरातले काम म्हणजे काय असते, हे दोघांनी दोन वेगळ्या बाजूंनी नेमके ओळखले.

पहिल्या मॉडमध्ये ओटा आहे, कपाट आहे, सिंक आहे, फ्रीज आहे, मसाल्यांची फळी आहे, अवजारे अडकवायची पट्टी आहे, फळांची परडी आहे, दुधाची बरणी आहे. सिंकमधून पाणी संपत नाही. बादली धरली की भरते, आणि पाककृतीत पाणी लागत असेल तर बादलीही धरावी लागत नाही. एकावर एक दोन फ्रीज ठेवले की त्यांचा एक उंच फ्रीज होतो. ओव्हनमध्ये एका वेळी नऊ पदार्थ भाजायला ठेवता येतात. पण या सगळ्यांच्या मध्यभागी आहे कुकिंग टेबल, आणि सगळी किमया तिथे आहे. ते टेबल उघडले की आत्ता, या घडीला, या स्वयंपाकघरात असलेल्या सामानातून काय काय करता येईल याची यादी समोर येते. फ्रीजमध्ये अंडी आहेत, कपाटात गहू आहे, बरणीत दूध आहे, हे त्या टेबलाला ठाऊक असते. ठाऊक असण्याची अट एकच: त्या वस्तू एकमेकींना लागून असल्या पाहिजेत. ओट्याला कपाट लागलेले, कपाटाला सिंक, सिंकला फ्रीज. हात धरून फेर धरावा तशी ती साखळी टेबलापर्यंत यावी लागते.

आमची साखळी एका दाराने तोडली होती. मी हौसेने मागच्या अंगणात उघडणारे दार ठेवले होते, आणि दाराच्या एका बाजूला ओटा व टेबल, तर दुसऱ्या बाजूला फ्रीज व दुधाची बरणी आली होती. भाचीला केक करायचा होता. तीन बादल्या दूध, दोन साखर, एक अंडे, तीन गहू. मूळ खेळात मांडून ठेवून चार जणांना वाटून खाता येतो असा हा एकच पदार्थ, सात तुकड्यांचा, एका तुकड्याला एक तंगडी. सामान सगळे घरात होते, तरी यादीत केक येत नव्हता. आम्ही पेट्या पुन्हा पाहिल्या, अंडी मोजली, बरणी भरून घेतली. अखेर भाची ओट्याच्या कडेने एकेक ठोकळा मोजत चालत गेली आणि दाराशी थांबली. “इथे हात सुटलाय,” असे ती म्हणाली. त्या मॉडमध्ये किचन फ्लोअर नावाची फरशी आहे, तीही साखळीचा भाग होते. मात्र ती नुसती दारात घालून भागत नाही, कारण दारातली फरशी ओट्याच्या पातळीच्या खाली असते आणि ओट्याला तिचा स्पर्श होत नाही. म्हणून आम्ही ओट्याच्या शेवटच्या ठोकळ्याखाली एक, दारात एक आणि फ्रीजच्या खाली एक, अशा तीन फरश्या घातल्या. टेबल पुन्हा उघडले, तर यादीत केक होता. एवढ्याशा गोष्टीचा तो आनंद मला आजही तसाच आठवतो. दार राहिले आणि त्याच्या उंबऱ्याखालून घराचे दोन भाग एकमेकांना लागले.

माझ्या आजीचे स्वयंपाकघर चिपळूणजवळच्या एका गावात होते. ते घर भाचीच्या जन्माआधी विकले गेले. आजी पाटावर बसून स्वयंपाक करी. समोर चूल, उजव्या हाताला विळी आणि पाण्याची कळशी, डाव्या हाताला भिंतीतले फडताळ, त्यात मीठ, हळद आणि तिखट यांच्या बरण्या ठरलेल्या क्रमाने. डोक्यावर थोडे पुढे शिंकाळे टांगलेले, त्यात दूध आणि लोणी, मांजराच्या आवाक्याबाहेर पण तिच्या हाताच्या आवाक्यात. पाठीमागे मोरी. पहाटे चूल पेटवल्यापासून पहिली पंगत बसेपर्यंत ती फार तर दोनदा उठत असेल. त्या काळी मला वाटे की आजीला सगळे न बघता सापडते, ही तिची हुशारी आहे. ती होतीच, पण ती तिने आधी, वस्तूंच्या जागा ठरवताना, खर्च करून ठेवलेली होती. कुणी फडताळातली मिठाची बरणी पुसून दुसऱ्या फळीवर ठेवली तर त्या दिवशीची आमटी अळणी होण्याचा खरोखर संभव असे.

ही हुशारी मोजून मांडण्याचे एक मोठे उदाहरण जर्मनीतले आहे. फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. काम करताना बाईची किती पावले पडतात, कुठली वस्तू कुठल्या वस्तूनंतर लागते, याचा विचार करून ओटा, सिंक, शेगडी आणि कपाटे यांच्या जागा ठरवल्या गेल्या. तांदूळ, साखर वगैरेंसाठी ॲल्युमिनियमचे खण होते, त्यांना धरायला मूठ आणि ओतायला चोच, म्हणजे खण बाहेर काढून थेट भांड्यात ओतता येई. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यावर टीकाही झाली, आणि त्यातली एक मला पटते: इतक्या अरुंद जागेत दुसरे माणूस मदतीला उभे राहू शकत नाही. आजीच्या चुलीशेजारी मात्र मी मांडी घालून वाटाणे सोलत बसत असे.

माइनक्राफ्टमधला एक ठोकळा बरोबर एक मीटरचा धरतात. त्यामुळे ते स्वयंपाकघर खेळात मांडून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. दोन ठोकळे रुंदीत ते बसते, पण खेळातला ओटा पूर्ण मीटरभर खोल असल्यामुळे दुसऱ्या भिंतीला काही लावता येत नाही. म्हणून मी रुंदी तीन केली: दोन्ही भिंतींना ओटे, मधून चालण्याची एक गल्ली. आता समोरासमोरचे दोन ओटे एकमेकांना लागेनात, म्हणून टोकाची भिंतही ओट्याने भरून घेतली आणि आकार घोड्याच्या नालासारखा झाला. भाची गल्लीत आली की मला मागे सरावे लागे. शंभर वर्षांपूर्वीची ती टीका मला संगणकाच्या पडद्यावर शब्दशः अनुभवायला मिळाली, आणि मी ती रचना मोडून रुंदी पाच ठोकळे केली.

फ्रीजविषयी मी बराच विचार केला. मूळ खेळात अन्न नासत नाही; वर्षभर पेटीत पडलेला पाव काढला तरी तो आजचाच असतो. मग फ्रीज कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. टेराफर्माक्राफ्टसारख्या मॉडमध्ये अन्न खरोखर खराब होते आणि ते टिकवण्यासाठी मातीची मोठी भांडी भरून बंद करून ठेवावी लागतात. बरण्या, रांजण आणि कणग्यांचा अर्थ तिथे पुरता कळतो. आमच्या जगात तसे नाही, आणि तरीही फ्रीज ठेवल्यापासून आमच्या वागण्यात फरक पडला. पूर्वी अंडी कुठल्याही पेटीत जात. आता अंडी, मांस, भाज्या फ्रीजमध्येच जातात, कारण तिथे ठेवले की कुकिंग टेबलाला ती दिसतात. वस्तू जागच्या जागी ठेवण्याचे कारण मिळाले की कुणी न सांगता ती जागच्या जागी जाते. भाचीच्या खऱ्या खोलीत ही गोष्ट साधायला बहिणीला किती वर्षे लागली, ते मी पाहिलेले आहे.

एक सोय मात्र मी घेतली नाही. दुधाच्या बरणीवर गाय उभी असताना तिच्या अंगावर ऐरण पाडली की गाय बरणीत जाते आणि दूध आपोआप येत राहते, अशी कुकिंग फॉर ब्लॉकहेड्समध्ये तरतूद आहे. अनेकांना ती गमतीची वाटते. मला ती करवली नाही. मागच्या दारी दोन गाईंचा गोठा आहे, बादली घेऊन तिथवर जाण्याने माझे काही अडत नाही.

फार्मर्स डिलाइटची दृष्टी वेगळी आहे. तिथे कापण्याचा पाट आहे, गारगोटीपासून करता येणारी सुरी आहे, विटांची शेगडी आहे आणि तिच्यावर ठेवायचे पातेले आहे. पातेल्याला खालून धग लागते. खाली पेटती शेगडी, शेकोटी, तापलेला मॅग्माचा ठोकळा असे काही असेल तरच ते शिजवते. कांदा, टोमॅटो, कोबी आणि तांदूळ ही पिके हे मॉड खेळात आणते. तांदूळ पहिल्यांदा लावला तो दिवस माझ्यासाठी मोठा होता. गव्हासारखा तो कोरड्या वाफ्यात लागत नाही. मातीवर एक ठोकळा खोल पाणी हवे, त्या पाण्यात रोप लावायचे. मी घरामागे खाचर केले, बांध घातला, पाणी सोडले. रोप आधी पाण्यात वाढले, मग पाण्याच्या वर आले आणि त्याला लोंब्या धरल्या. लोंब्या पाटावर ठेवून सुरी चालवली की तांदूळ एकीकडे आणि पेंढा एकीकडे होतो. ज्याने हे लिहिले त्याला भाताला पाण्यात उभे राहावे लागते हे ठाऊक होते, आणि तांदळाबरोबर पेंढाही मिळतो आणि तो फेकायचा नसतो, हेसुद्धा ठाऊक होते.

भात शिजवण्याची रीत अशी आहे. पातेल्यात सामानाचे सहा कप्पे आहेत, त्यात तांदूळ घालायचा आणि शेजारी वाट्या ठेवायच्या. भांड्यातून वाफ निघते, रटरट आवाज येतो, एक लहान पट्टी भरत जाते. भात तयार झाला तरी वाटी आणल्याशिवाय तो मिळत नाही. पातेल्यात तसाच राहतो. त्या वाटीसाठी थांबावे लागणे, त्या आवाजाजवळ उभे राहणे, एवढ्या दोन गोष्टींनी मी पहिल्यांदा त्या जगातल्या एका खोलीत विनाकारण थांबले. बाहेर रात्र झाली होती, दारापुढे राक्षस फिरत होते आणि मी भाताजवळ उभी होते.

मग एका सुटीच्या दिवशी ते सगळे गेले. खेळाची नवी आवृत्ती आली होती आणि मी घाईने आमचे जग तिच्यावर नेले. तिसरे मॉड त्या आवृत्तीसाठी अजून तयार नव्हते. उघडण्यापूर्वी पडद्यावर सूचना आली होती, काही वस्तू सापडत नसल्याची. मी ती पुरती न वाचता पुढे गेले, आणि आधीची प्रत काढून ठेवली नव्हती. ज्या वस्तूंचे मॉडच नाही, त्या खेळाच्या लेखी हवा असतात. भिंतीवरची सगळी कपाटे, टेबल, चार खुर्च्या गेल्या, आणि कपाटांत जे जे होते ते गेले: वर्षभराचा गहू, तांदूळ, भाचीने गावोगावहून जमवलेले बियाणे. चूक सर्वस्वी माझी होती. मी तिला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “तीन फरश्या आहेत का?” त्या होत्या. ओटा, फ्रीज, सिंक आणि शेगडीही होती.

पुन्हा बांधताना आम्ही सामान ठेवायला फक्त ओट्याला लागणारी कपाटे वापरली, आणि प्रत्येक रविवारी जगाची प्रत काढून ठेवण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. खाचरात उभे पीक होते, त्यामुळे तांदळाचे बी वाचले. रचना बदलायचीच होती, म्हणून मी शेगडीच्या डाव्या बाजूला एक ठोकळा रिकामा ठेवला. आजीच्या चुलीला वैल होता. चुलीतली उरलेली धग बाजूच्या भोकातून शेजारच्या लहान तोंडाशी जाई. भात चुलीवर शिजे आणि आमटी वैलावर ऊन राही, तिच्यासाठी वेगळे लाकूड लागत नसे. खेळातल्या शेगडीला असा शेजार नाही. तिची धग सरळ वर जाते, बाजूला जात नाही. तेव्हा मी त्या रिकाम्या जागी मॅग्माचा एक ठोकळा बसवला, त्याच्या पुढच्या अंगाला फळी लावून तो झाकला, आणि त्याच्यावर दुसरे पातेले ठेवले. फळीच्या कडेने लालसर उजेड बारीक दिसतो.

भाचीने हे काय आहे म्हणून विचारले, तेव्हा मी तिला वैल म्हणजे काय ते सांगितले. चूल कुठे होती, शिंकाळे कुठे होते, वाटाणे सोलायला मी कुठे बसत असे, तेही सांगितले. तिने ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीपासून दोन ठोकळ्यांवर, पायरीचा एक ठोकळा ठेवला आणि विचारले की तू इतक्या अंतरावर बसायचीस का. मी तिला तो एक ठोकळा आणखी जवळ घ्यायला सांगितला.

त्या रात्री मी शेगडीवर भात आणि वैलावर भाज्यांचे कढण करून, दोन्ही पातेली तशीच भरलेली ठेवून बाहेर पडले. भाची शाळेतून आल्यावर दुपारी खेळते, मी रात्री. दुसऱ्या दिवशी मी आत गेले तेव्हा दोन्ही पातेल्यांतून एकेक वाढप कमी झाले होते, आणि रिकाम्या वाट्या कपाटात जागच्या जागी परत ठेवलेल्या होत्या.